माशांचे भगिनी-मंडळ

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या घरांतून एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. फायटर माशाचे नर एकमेकांचा जीव घेतात आणि म्हणून ते एकएकटे ठेवावे लागतात, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. दुकानातही ते निरनिराळ्या बाटल्यांतून किंवा पेल्यांतून मांडलेले दिसतात. परंतु माद्यांचे काय? त्यांची शेपटी आखूड, रंग बेताचा, किंमतही कमी. आणि दुकानदार कित्येकदा एकाच टाकीत त्यांच्या दहावीस जणी ठेवतो. तेव्हा घरच्या टाकीत पाचसहा माद्या एकत्र ठेवल्या तर काय बिघडेल? इंग्रजी बोलणाऱ्या हौशी मंडळींनी अशा टाकीला 'सोरोरिटी' असे नावही देऊन टाकले आहे. आपल्याकडचा शब्द योजावयाचा तर भगिनी-मंडळ. नाव मोठे गोड आहे. परंतु या गोड नावाने पुष्कळ मासोळ्यांचे प्राण घेतले आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम या माशाचे घराणे थोडे पाहू. त्याचा मूळ मुलूख म्हणजे थायलंड, अर्थात पूर्वीचा सयाम. आणि त्यातही चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे, दलदली व संथ पाण्याचे पाट. थाई भाषेत त्याला 'प्लाकात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या थिओडोर कँटर नावाच्या डॅनिश वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे वर्णन केले, परंतु एका निराळ्याच जातीचा पोटभेद म्हणून. पुढे १९१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील चार्ल्स टेट रीगन यांनी तो घोटाळा निस्तरला आणि या माशाला 'बेटा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. २०१९ मध्ये थायलंडच्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून असे दिसते की, माणसाने हा मासा निदान हजार वर्षांपासून पाळीव केलेला आहे. आणि तो पाळला कशासाठी? मुख्यतः झुंजीसाठी. कोंबड्यांच्या झुंजी आपल्याकडे लागत, तशा तिकडे माशांच्या लागत आणि त्यांवर पैजाही लागत. आज आपण ज्या लांब झालरी आणि निळे-तांबडे रंग पाहून भुलतो, ती त्यामानाने अलीकडची करामत आहे. जिंकणाऱ्या नराची वीण वाढवावयाची, हरणाऱ्याची खुंटवावयाची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आता या निवडीत माद्यांना कोणी झुंजविले नव्हते. झुंजावयाचे ते नर. मग माद्या आपल्या मूळच्या स्वभावावर राहिल्या असतील, असे कोणासही वाटेल.

तसे घडलेले नाही. २०१९ मध्ये आंद्रेया रामोस आणि दाविद गोन्साल्विश या मकाव येथील संशोधकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. झुंजीसाठी निवडलेल्या वंशातील माद्या आणि रानटी वंशातील माद्या यांची त्यांनी तुलना केली. झुंजीच्या वंशातील माद्या कितीतरी अधिक आक्रमक निघाल्या. म्हणजे बाप झुंजला आणि वारसा लेकीलाही पोचला. आपल्या दुकानांतून येणारे मासे झालरीचे असोत की आखूड शेपटीचे, त्यांच्या रक्तात या झुंजींचा अंश किती मिसळला आहे हे विकणाराही सांगू शकणार नाही. म्हणून 'मादी ती, गरीबच असणार' हा समज आपण दाराबाहेरच ठेवलेला बरा.

मादीचा राग एकदा पाहिला म्हणजे त्याविषयी शंका उरत नाही. समोर दुसरी मादी आली की ती कल्ले फुलविते, पर ताठ करते, अंगाचा रंग गडद करते आणि आडवी होऊन आपली लांबी दाखविते. समोरची हटली नाही तर शेपटीने पाण्याचा फटकारा मारते, आणि मग चावा. पुष्कळदा पहिल्या फुलारण्यावरच प्रकरण मिटते. एक जण पर मिटून बाजूस होते आणि दुसरी तेवढ्यावर समाधान मानते. या समाधानातून जी व्यवस्था उभी राहते तिला प्राणिशास्त्रज्ञ 'टोचणीची उतरंड' म्हणतात. नॉर्वेचे थॉरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये ती कोंबड्यांच्या बाबतीत प्रथम नीट वर्णिली : पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज सर्वांना, असे करीत करीत शेवटची सर्वांच्या टोची खाते आणि स्वतः कोणालाच टोचत नाही. फायटरच्या माद्यांतही अशीच उतरंड लागते. त्यांच्या आक्रमकतेवर ब्रॅडॉक आणि ब्रॅडॉक या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५५ मध्येच एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता. तेव्हा हा विषय शास्त्राला काही नवा नाही. नवी आहे ती आपली हौस.

भगिनी-मंडळाचे पुरस्कर्ते याच उतरंडीचा हवाला देतात. त्यांचे म्हणणे असे की, पहिले चार दिवस कुरबुर होईल, मग प्रत्येकीला आपापली पायरी कळेल आणि टाकीत शांतता नांदू लागेल. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच फसवे आहे. उतरंड लागते, पण ती एकदा लागली म्हणजे दगडावरची रेघ होत नाही. एखादी मादी अंड्यांनी भरली, एखादी आजारी पडली, एखादी वयाने वाढली, आपण टाकीतील दगड हलविला किंवा नवी मासोळी आणून सोडली की साऱ्या पायऱ्या पुन्हा नव्याने ठरतात. आणि प्रत्येक वेळी तळाशी असलेल्या मासोळीला पुन्हा सर्वांच्या टोची खाव्या लागतात.

येथे रानातील आणि घरातील फरक ध्यानी घेतला पाहिजे. भाताच्या खाचरात पाणी उथळ असते, गवत दाट असते, आणि हरलेल्या मासोळीला गवतापलीकडे निघून जाता येते. चार हात दूर गेली की शत्रू तिला विसरतो. लढाईचे सारे संकेत या पळण्याच्या सोयीवर बेतलेले आहेत. टाकीत ही सोय नाही. मासोळी शरण आली तरी ती समोर दिसत राहते, आणि दिसत राहणे हाच तिचा अपराध ठरतो.

मग दुकानदाराच्या टाकीत दहावीस माद्या सुखाने कशा राहतात? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समजले की सगळा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही. थायलंडमधील मत्स्यशेतांत एका विणीची पिल्ले एकत्र वाढवितात. दोनतीन महिन्यांनी नर भांडू लागले की त्यांना उचलून एकेका बाटलीत घालतात. माद्या मात्र एकत्रच राहू देतात. त्या एका विणीच्या असतात, अंड्यातून बाहेर पडल्यापासून एकमेकींना पाहत आलेल्या असतात, कोवळ्या असतात, आणि पुष्कळ असतात. गर्दी इतकी की कोणा एकीला कोपरा धरून 'हा माझा' म्हणता येत नाही. मारावयाचे तरी कोणाकोणाला? शिवाय त्या तेथे थोडेच दिवस राहतात. दुकानात तर एखादा आठवडा. तेवढ्यात झालेले नुकसान दिसले तरी ते गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन दिसते.

म्हणजे मासोळ्यांना दोन परिस्थितींत निभावून नेता येते. एक, जागा इतकी विस्तीर्ण की हरलेलीला दृष्टीआड होता यावे. दुसरी, गर्दी इतकी दाट की मालकीच निर्माण होऊ नये. दुसरी परिस्थिती पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीने घरी टिकविता येत नाही, आणि ती कोणी टिकवूही नये. आपल्या दिवाणखान्यातील टाकी या दोहोंच्या अगदी मधोमध येते. कोपरा धरण्याइतकी ती मोठी असते आणि पळून जाण्याइतकी मोठी नसते. सर्वांत वाईट माप तेच. पाचसहा माद्यांचा बेत फसतो तो बहुधा याच मापामुळे, मासोळ्यांच्या दुष्टपणामुळे नव्हे. काही विनोदी मंडळी 'जावा-जावांचे भांडण' म्हणून हसतात. दोन खोल्यांत दहा माणसे कोंबावयाची आणि मग स्वभावाला दोष द्यावयाचा, हा न्याय माशांनाही लावू नये आणि जावांनाही लावू नये.

या टाकीतील मरण सहसा उघड लढाईने येत नाही. तसे आले असते तर आपण तत्काळ जागे झालो असतो. ते येते ते झिजण्याने. समजा, टाकीत पाच मासोळ्या आहेत. पहिले दोन आठवडे ठीक जातात. पाहुण्यांना टाकी दाखविली जाते. नंतर आपल्या ध्यानात येते की, पाचवी सहसा दिसत नाही. ती गाळणयंत्राच्या मागे किंवा पाण्याच्या पृष्ठभागालगत एका कोपऱ्यात तिरपी उभी असते. दाणे टाकले तरी चटकन येत नाही. आणि येथे या जातीची एक विशेष अडचण आहे. फायटर मासा नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारख्या घड्यांचे एक इंद्रिय असते, आणि आपला मरळ मासा करतो त्याप्रमाणे तो वरचेवर पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेतो. म्हणूनच तो पेलाभर पाण्यात तग धरतो. तग धरणे आणि नांदणे यांत अर्थातच अंतर आहे. लपून बसलेल्या पाचवीलाही हवेसाठी वर यावेच लागते, आणि वर येताना ती सर्वांना दिसते. दर थोड्या वेळाने तिला जणू शत्रूच्या अंगणातून पाणी भरून आणावे लागते. या सततच्या धास्तीने तिची रोगप्रतिकारशक्ती खचते. मग परांच्या कडा सडू लागतात, अंगावर पांढरे ठिपके किंवा सोनेरी भुकटीसारखा थर दिसू लागतो, आणि एके दिवशी ती तळाशी आढळते. घरची मंडळी म्हणतात, 'रोगाने मेली.' रोग होता हे खरे. पण तिला रोगाच्या स्वाधीन कोणी केले? आणि ती गेल्यानंतर टाकीत शांतता होते असेही नाही. चौथी ही आता पाचवीच्या जागी आलेली असते.

म्हणून सामान्य घराला माझा सल्ला सरळ आहे : हा बेत करू नये. तरीही ज्यांना आपल्या हातावर आणि डोळ्यांवर भरवसा आहे, रोज सकाळ-संध्याकाळ टाकीसमोर पाव तास बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

बाजारात सर्रास मिळणारी दोन फुटी टाकी या कामाची नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ५६ लिटर पाणी मावते, आणि वाळू-दगड घातल्यावर त्याहून बरेच कमी. पाच माद्यांसाठी निदान तीन फूट लांबीची टाकी घ्यावी. एक फूट रुंदी व सव्वा फूट उंची धरल्यास ती सुमारे १०६ लिटरची होते. उंचीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे, कारण पळावयाचे ते आडवे. तीत पाण्याच्या वनस्पती इतक्या दाट लावाव्यात की एका टोकावरून दुसरे टोक दिसू नये. व्हॅलिस्नेरियाची लांब पाती, हायड्रिला, जावा मॉस आणि वर तरंगणारी थोडी पाने असली की काम भागते. मात्र वरचा सगळा पृष्ठभाग पानांनी झाकू नये. हवेसाठी अनेक ठिकाणी मोकळी जागा हवी, म्हणजे एकच मासोळी साऱ्या पृष्ठभागावर पहारा करू शकत नाही. वर झाकण अवश्य असावे. पाठलागात सापडलेला फायटर सरळ पाण्याबाहेर उडी घेतो.

लोणच्याप्रमाणे टाकीही मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. तो अत्यंत विषारी. वाळूत आणि गाळणयंत्रात वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू जमून यावयास चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी पाच मासोळ्या सोडणे म्हणजे भांडणाच्या जोडीला विषही देणे होय. पाण्याचे तपमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राहावे. गोव्याकडे वर्षाचा बराच काळ त्यासाठी काही करावे लागणार नाही, परंतु इंदूर-ग्वाल्हेरकडील हिवाळ्यात हीटरवाचून गत्यंतर नाही.

मासोळ्या एकाच विणीच्या, सारख्या वयाच्या आणि सारख्या आकाराच्या मिळाल्या तर सर्वांत उत्तम. दोनतीन दुकानांतून एकेक सुंदर मादी गोळा करून आणणे हा सर्वांत वाईट मार्ग, आणि रंगसंगतीच्या मोहाने बहुतेक लोक तोच धरतात. नव्या मासोळ्या प्रथम तीनचार आठवडे वेगळ्या ठेवून त्यांना रोग नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मग सर्वांना एकाच वेळी टाकीत सोडावे. एक जण आधी आली तर ती मालकीण होऊन बसते. आणखी एक काळजी : आखूड शेपटीचे कोवळे नर माद्या म्हणून सर्रास विकले जातात. मादीच्या पोटाखाली अंडी बाहेर पडण्याची पांढरी, मिठाच्या खड्यासारखी टोकदार नळी दिसते. तथापि कोवळ्या नरातही तिचा भास होतो, म्हणून समोर आरसा धरून पाहावे. कल्ले फुलविल्यावर त्यांखालून दाढीसारखा मोठा पडदा बाहेर आला तर तो बहुधा नरच समजावा.

खाणे एकाच जागी टाकू नये. दोनतीन ठिकाणी एकदम थोडे थोडे टाकावे, म्हणजे दांडगीला सर्वत्र हजर राहता येत नाही. या माशांना डासांच्या अळ्या फार आवडतात, पण त्यासाठी घरी पिंपात पाणी साठवू नये. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेची माणसे आपली हौस ऐकून घेणार नाहीत.

रोज पाहावयाचे ते अंगावरचे पट्टे, पर आणि भूक. फिकट रंगाच्या मादीच्या अंगावर गडद आडवे पट्टे उमटले तर ती भ्यालेली आहे. उभे पट्टे दिसले तर ती अंडी घालण्याच्या तयारीत आहे, आणि अशा दिवसांत तिचा तापटपणा वाढलेला असतो. गडद निळ्या किंवा काळ्या मासोळीवर हे पट्टे दिसत नाहीत. तिच्या बाबतीत मिटलेले पर आणि टाळलेले खाणे यांवरून ओळखावे. एखाददुसरी कातर पराला पडली तर घाबरावयास नको. परंतु दोन दिवस एकच मासोळी लपून राहिली, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता तिला बाहेर काढावे.

बाहेर काढून ठेवावयाचे कोठे? येथेच बहुतेकांचा बेत ढासळतो. भगिनी-मंडळ मांडणाऱ्याजवळ जितक्या मासोळ्या तितक्या वेगळ्या राहण्याच्या जागा प्रथमपासून तयार हव्यात. कारण मंडळ मोडते तेव्हा ते एका दिवसात मोडते, आणि बहुधा रविवारी रात्री, दुकाने बंद झाल्यावर. ज्याला पाच जागांची तजवीज करणे जड वाटते, त्याने पाच माद्या आणणे टाळावे.

अधिक शांत स्वभावाची एक जात या कुळात आहे. तिचे नाव बेटा इम्बेलिस, म्हणजे न लढणारी. १९७५ मध्ये लाडिगेस यांनी तिचे वर्णन केले. पण तिचे नरही आपापसांत भांडतातच, फक्त भांडण पुढे नेत नाहीत, आणि आपल्या नेहमीच्या दुकानांत ती सहसा मिळत नाही.

ज्यांच्याकडे दोन फुटी टाकी आहे आणि मन मादीवरच बसले आहे, त्यांनी तीत एकच मादी ठेवावी. वनस्पतींतून हिंडणारी एकटी मादी निराश दिसत नाही. पाळणाऱ्याचा हात ती थोड्याच दिवसांत ओळखू लागते आणि खाण्याच्या वेळी काचेशी येऊन उभी राहते. दोघी ठेवावयाच्याच असतील तर टाकीच्या मध्यभागी आडपडदा बसवावा. तो स्वच्छ काचेचा नसावा, नाहीतर दोघी दिवसभर एकमेकींवर कल्ले फुलवीत थकून जातील. बारीक छिद्रे पाडलेला अपारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा घ्यावा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंस खेळते. त्याच्या कडा काचेला घट्ट बसतील असे पाहावे, आणि तो पाण्याच्या वर निदान दोनतीन इंच, जमल्यास झाकणापर्यंत, येऊ द्यावा.